महानंदाबाईंचा तळहात

महानंदाबाई डाव्या तळहातावर लिहायच्या. सकाळी शाळेत येताना हात कोरा असायचा. प्रार्थना संपेपर्यंत अंगठ्याखाली ‘वह्या’ उमटलेलं असायचं, मधल्या सुट्टीपर्यंत बोटांवर ‘गॅस’, ‘बँक’, ‘अक्काला फोन’, आणि शाळा सुटताना घड्याळाच्या पट्ट्याखालीसुद्धा निळी अक्षरं शिरलेली असायची. भाचीच्या लग्नात त्यांनी मेंदी काढून घेतली, तेव्हा पुढचे आठ दिवस त्या कोपरापर्यंत लिहीत होत्या. दर शिक्षकदिनाला कुणी ना कुणी त्यांना डायरी द्यायचं आणि ती डायरी आठवड्याच्या आत हरवायची. मीही दोनदा दिली होती. प्रेमानं नव्हे, टोमणा म्हणून.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला महानंदाबाईंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगलं पोटात दुखायचं. आमची शाळा अक्कलकोट रोडच्या अंगाला आहे. एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कामगारांची मुलं आमच्याकडे येतात. मी तिथं गणित शिकवते. माझ्या कपाटाला कुलूप असतं, खडूंचा डबा भरलेला असतो, तपासलेल्या वह्या दुसऱ्या दिवशी मुलांच्या हातात असतात. अकरा वर्षांत मी एकदाही उशिरा आले नव्हते. आणि मला बघितलं की मुलं भिंतीला लागून चालायची. महानंदाबाई घंटा झाल्यावर धापा टाकत यायच्या, अंबाड्यात कालचा खडू, कपाळावरची विभूतीची रेघ घामानं पुसलेली, आणि त्यांच्या मागं निम्मी शाळा धावायची.

त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, जवळजवळ हद्दीवर. घरात कन्नड, बाहेर मराठी. विणकरांच्या मुलांकडून तेलुगूही त्या मोडकंतोडकं शिकल्या होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आपल्यापेक्षा लहान प्रत्येक बाईला त्या ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. मलाही म्हणायच्या, पण शिपाईबाईंनाही म्हणायच्या, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. कुणी कितीही बोललं, मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, तरी त्यांचं ठरलेलं एकच वाक्य असायचं: “इरली बिडु.” असू दे, सोड. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलाखाली चष्मा शोधताना त्या हेच म्हणायच्या.

एकदा तर त्या चक्क माझ्या तासाला माझ्या वर्गात जाऊन शिकवायला लागल्या. मी दारात पोचले तेव्हा सातवीची मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. बाई चुकून आल्यात हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण एकानंही सांगितलं नव्हतं. मी दारात उभी राहिले तेव्हा पन्नास डोळे माझ्याकडे वळले आणि त्यांत एकच प्रश्न होता, की तुम्ही कशाला आलात. महानंदाबाई हसल्या. “अय्य, हा तुझा वर्ग व्हय. मग मी कुटं असायला पाहिजे होते?” असं मलाच विचारून निघून गेल्या. त्या दिवशी मी मुलांना दुप्पट गणितं घातली.

सोलापुरात पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचा दिवस विसरणं म्हणजे बाईमाणसाचा मोठा गुन्हा. महानंदाबाई तो दर महिन्याला करायच्या. पण त्यांच्या शेजारणींनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं, की आपला नळ सुरू झाला की आधी महानंदाबाईंची टाकी भरायची. मी हे ऐकलं तेव्हा मला आठवलं, की एका वर्षी मला टायफॉइड झाला होता आणि माझ्याकडे कुणी घागरभर पाणी आणून टाकलं नव्हतं. कारण रेखाचं पाणी भरलेलंच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. नीटनेटक्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. मला वाटायचं, या बाईला चुका माफ आहेत आणि मला त्या करायचीसुद्धा सोय नाही.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. पण माझी मुलगी सई सहावीत गेली आणि तिची तुकडी त्यांच्याकडे आली.

सई तेव्हा अकरा वर्षांची होती. शांत, स्वप्नाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरी आली की पूर्वी ती शाळेबद्दल अवाक्षर काढायची नाही. आता दारातूनच सुरू व्हायचं, “आमच्या बाई आज म्हणाल्या...” मी भाकरी थापता थापता ऐकायचे. बाईंनी तिला वह्या वाटायचं काम दिलं. तिचं लक्ष उडालं की बाई रागवत नाहीत, नुसतं बाकाच्या कोपऱ्यावर बोट टेकवतात. मध्येच म्हणतात, सई, फडका भिजवून आण. मला हे सगळे लाड वाटले. एक दिवस सई आली ती डाव्या हातावर ‘चित्रकला वही’ असं लिहून. मी तिचा हात मोरीवर धरला आणि घासणीनं लाल होईपर्यंत घासला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, आता मी विसरणार.” आणि ती विसरली.

त्याच सुमारास आम्हा शिक्षकांना एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. वर्गात ज्यांचं लक्ष टिकत नाही अशा मुलांविषयी. एरवी अशा ठिकाणी महानंदाबाई तासाभरात चार वेळा पाणी प्यायला उठायच्या. त्या दिवशी त्या हलल्या नाहीत. समोरच्या बाई सांगत होत्या, हा आळस नव्हे, खोड नव्हे, मेंदूची ठेवणच तशी असते, लहानपणापासून असते, कुणी सारखं चुळबुळत असतं, कुणी गप्प बसूनही तिथं नसतं. वस्तू हरवतात, सुरू केलेलं अर्धं राहतं, सांगितलेलं कानावरून जातं. आणि आवडीच्या कामात तेच मूल तासन्‌तास बुडून जातं. मी सगळं मुद्देसूद उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. शेजारी बसलेल्या महानंदाबाई हातावर काहीतरी लिहीत होत्या. मी मान वाकडी करून वाचलं. त्यांच्या तळहातावर ‘सई’ लिहिलं होतं.

माझ्या मुलीचं नाव दुसऱ्या बाईच्या हातावर. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण त्यात काळजी नव्हती, हे नक्की. मला तो हातही मोरीवर धरून घासावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. शेंगाची चटणी माझ्या डब्यात वाढली आणि विचारलं, “रेखा, सईचं दप्तर कोण भरतं?”

“तीच भरते,” मी म्हणाले.

ते खोटं होतं. सकाळी सई आंघोळीला गेली की मी दार लोटून दप्तर भरायचे. पट्टी, कंपास, डबा, रुमाल, सगळं. शिक्षिकेची मुलगी वही विसरली असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणता कामा नये. एकेक गणित मी मोठ्यानं वाचून दाखवायचे, पाच हाका मारायचे, तिच्या मागं उभी राहायचे. घर माझ्या शिस्तीनं चालतं असं मी समजत होते. ते माझ्या धावपळीनं चालत होतं.

महानंदाबाईंनी वाद घातला नाही. “दंगा करणारी लेकरं सगळ्यांना दिसत्यात,” त्या म्हणाल्या. “पोरी तर लईच गप्प. खिडकीतनं बाहेर जात्यात आणि हजेरी लागलेली असतीय. एकदा डॉक्टरला दाखव, तंगी. लेकरू लई दमायलंय.”

दमलंय? माझं लेकरू दमलंय हे मला या बाईनं सांगायचं? मी डब्याचं झाकण लावून उठले. घरी गेल्यावर नवऱ्याच्या कानावर घातलं, ते मात्र म्हणाले, “दाखवायला काय हरकत आहे?” आणि वेळ घेऊन टाकली.

डॉक्टर लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी दोन फॉर्म दिले, एक घरासाठी, एक वर्गशिक्षकांसाठी. दोन्हींत साधारण तेच प्रश्न. वस्तू हरवतात का, काम अर्धवट सोडते का, समोर बोललेलं ऐकलं नाही असं वाटतं का. पुढं चार घरं: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. शाळेचा फॉर्म महानंदाबाईंनी पाकिटात घालून दिला. घरचा मी भरला. वरपासून खालपर्यंत ‘कधीच नाही’. माझी खूण कशी सरळ रेषेत उतरली होती ते मला अजून दिसतं.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “घरी काहीच त्रास नाही, मॅडम?”

“नाही.”

“शाळेच्या फॉर्मवर जवळजवळ सगळीकडे ‘नेहमी’ आहे. ही लक्षणं असतील तर ती घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवीत. एकाच ठिकाणी दिसत असतील तर मला आधी ते ठिकाण बघावं लागेल.”

“बाई स्वतःच जरा तशा आहेत,” मी म्हणाले. “विसराळू. त्यांना सगळीकडे तेच दिसत असेल.”

डॉक्टरांनी आणखी एक कोरा फॉर्म दिला, दोन-तीन महिने बघू म्हणाले. मी मात्र तिथंच थांबले नाही. मुख्याध्यापिकांकडे जाऊन सांगितलं, की डॉक्टरांच्या मते मुलगी ठीक आहे, वर्गातच लक्ष दिलं जात नाही, आणि सईची तुकडी बदलून घेतली. महानंदाबाईंना बोलणी बसली. व्हरांड्यात आमची गाठ पडली तेव्हा मी तयारीत होते. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, “इरली बिडु,” आणि गेल्या. त्यांनी भांडायला हवं होतं. त्या भांडत नाहीत याचासुद्धा मला हेवा वाटला.

नव्या तुकडीच्या बाई माझ्यासारख्या होत्या, वक्तशीर आणि कडक. सईच्या वहीत रोज लाल शेरा यायला लागला. ‘लक्ष नाही.’ ‘अपूर्ण.’ ‘पालकांची सही आणावी.’ सई शाळेबद्दल बोलायची बंद झाली. सहामाहीत तिनं गणिताच्या पेपरची एकच बाजू सोडवली. मागं प्रश्न आहेत हे तिनं पान उलटून बघितलंच नव्हतं, आणि ती सगळी गणितं तिला येत होती. शाळेत निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. “आई, मी ढ आहे का गं?”

“ढ नाहीस,” मी म्हणाले. “आळशी आहेस.”

तो शब्द मी नंतर कितीदा तरी मागं घ्यायचा प्रयत्न केला आहे. तो गेलेला नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं, शनिवारी शाळा सुटल्यावर, महानंदाबाईंनी मला स्टाफरूममध्ये थांबवलं. त्यांच्या हातात तसलाच एक फॉर्म होता. मला वाटलं, सईचाच. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “हा माझा हाय.”

“तुमचा?”

“मोठ्या माणसांना पण असतंय की. मी दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, रोज जवळनं बघणाऱ्या कुणाकडनं तरी हे भरून आणा.” त्या हसल्या. “अक्काला वाचता येत न्हाय. नवरा तर गेलाच. मग म्हटलं, माझ्याकडं रोज कोण बघतंय? तू बघतीस की. अकरा वर्षं झाली. माझ्या आईनं पण माझ्याकडं एवढं बघितलं नसंल.”

हेवा करणाऱ्याला वाटत असतं, की आपण लपून बघतोय. त्यांना सगळं ठाऊक होतं. डायऱ्या का दिल्या ते, डॉक्टरांकडे काय बोलले असेन तेही बहुतेक.

“ट्रेनिंगच्या दिवशी तू माझा हात वाचलास,” त्या म्हणाल्या. “सईचं नाव दिसलं तुला. त्याच्या खालचं न्हाय दिसलं, वर अंगठा होता.”

“काय होतं खाली?”

“‘मी’ लिहिलं होतं. समोरची बाई बोलायली होती आणि मला माझी शाळा दिसायली होती. मास्तर मला खिडकीच्या गजाला दोरीनं बांधायचे, एका जागी बसावी म्हणून. घरचे म्हणायचे, अर्धवट हाय पोरगी. मी पण तेच म्हणत आले. मग सईकडं बघितलं आणि म्हटलं, हिला तरी कुणी असं म्हणू नये.” फॉर्म माझ्यासमोर सरकवून त्या उठल्या आणि पर्स तिथंच विसरून निघाल्या. मी पर्स घेऊन मागं धावले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो फॉर्म घेऊन बसले. तासाभरात संपला. वस्तू हरवतात का? नेहमी, चष्मा, गाडीची किल्ली, हजेरीपट, एकदा शाळेची घंटा वाजवायचा हातोडा. काम अर्धवट राहतं का? नेहमी; चार टेबलांवर चार कप गार झालेला चहा. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना मध्येच लक्ष जातं का? नेहमी. इथं मी थांबले, आणि मग माझ्या हातून एक वाक्य लिहिलं गेलं, की ज्याच्याकडे ते जातं त्याच्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं गेलेलं नसतं. जागा पुरेना म्हणून मी दोन पानं जोडली. मला तारखा आठवत होत्या, साड्या आठवत होत्या, त्या कुठल्या दारातून आल्या आणि कुठलं वाक्य अर्धवट सोडून गेल्या ते आठवत होतं.

मग मी कपाटातून सईचा कोरा फॉर्म काढला. पहिला प्रश्न तोच. वस्तू हरवतात का? मी पेन टेकवलं आणि मला उत्तर येईना. मला माहीतच नव्हतं. हरवायच्या आधी मी उचलून ठेवत होते. जिचा मी हेवा करत होते तिची मला तीन पानं पाठ होती आणि माझ्या पोटच्या मुलीचं एक घर भरता येत नव्हतं. आत सई खिडकीशी बसून बाहेर बघत होती. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. तिला ते कळलं नाही.

सोमवारी मी महानंदाबाईंना भरलेला फॉर्म दिला आणि म्हटलं, “बाई, दप्तर मी भरते.”

“माहीत हाय की,” त्या म्हणाल्या. “तासाच्या क्रमानं वह्या लावलेल्या असायच्या. सहावीतलं लेकरू असं लावतंय व्हय? ते तुझं काम. तुझ्या कपाटात पण तसंच असतंय.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालात?”

“म्हटलं असतं तर तू ऐकली असतीस?” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “आता असं कर. आठ दिवस हात बांधून बस. उचलू नको, रागावू नको, आठवण करू नको. नुसतं बघ. बघायला तुला लई चांगलं जमतंय.”

आठ दिवस मी बघितलं. इतके कठीण आठ दिवस मी कधी काढले नव्हते. मंगळवारी सई डबा ओट्यावर ठेवून गेली. बुधवारी एका पायात मोजा आणि एक पाय उघडा. गुरुवारी वेणी घालता घालता उठली ती कबुतराला ज्वारी टाकायला, आणि अर्धी वेणी तशीच ठेवून शाळेला निघाली. दप्तर उघडायची, आत बघायची, काय बघायला उघडलं ते विसरायची, पुन्हा उघडायची. तिचा चेहरा रडकुंडीला यायचा आणि तरी ती पुन्हा उघडायची. आळशी माणूस एवढे कष्ट करत नाही. पण त्याच मुलीनं शनिवारी दुपारी कापडाच्या चिंध्यांतून सोलापुरी चादरीची नक्षी जुळवली, तीन तास, मान वर न करता. मी दाराआडून बघत होते. ती कधीपासून असं काही करते, हे मला ठाऊक नव्हतं. “महानंदाबाईंनी शिकवलं?” मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली, “त्यांना मी शिकवलं.”

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना सांगितलं, की आधीचा फॉर्म खोटा होता. ते रागावले नाहीत, असं बऱ्याच घरांत होतं म्हणाले. मग त्यांनी सईशी बोलून, तपासण्या करून, तिच्या मेंदूची ठेवणच तशी आहे हे आम्हाला नीट समजावून सांगितलं. काय उपाय ठरले ते इथं सांगत बसत नाही, ते ज्याचे त्याचे असतात. सईनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “म्हणजे मी आळशी नाही?”

“नाही,” मी म्हणाले. “माझं चुकलं.”

दुसऱ्या दिवशी तिनं ही बातमी महानंदाबाईंना सांगायला शाळेच्या फाटकापासून जी धूम ठोकली, ती बघून माझ्या पोटात पुन्हा दुखलं. हेवा असा एका दिवसात जात नाही. पण मी स्वतः मुख्याध्यापिकांकडे गेले, खरं काय ते सांगितलं, आणि सईला परत तिच्या तुकडीत बसवलं. दप्तर आता ती भरायची, मी शेजारी बसायचे. “मदत कर,” महानंदाबाईंनी बजावलं होतं, “पण तिच्यासमोर कर. चोरून न्हाय.” भिंतीवर आम्ही एक पाटी लावली. त्यावर तिनं सगळ्या वस्तूंची चित्रं काढली. हातावर लिहिलं तरी मी घासायचे नाही.

महानंदाबाईंचंही तेच निदान झालं. “सत्तावन्न वर्षं मी मला येडी समजत होते,” त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांचे डोळे भरून आले हे मलाच काय ते दिसलं.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. मी चार दिवस खपून लिहिलं. सकाळी त्यांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले आणि पर्समधून घडी पडलेले दुसरे कागद दिले. माझ्याच अक्षरातला फॉर्म. त्याची प्रत त्यांनी करून घेतली होती आणि नवल म्हणजे हरवली नव्हती. “हेच वाच,” त्या म्हणाल्या. “माझ्याबद्दल एवढं कुणी लिहिलं न्हाय. आणि समोर पालक असतेत. त्यांना पण कळू दे, कसं दिसतंय ते.”

मी वाचलं. वस्तू हरवतात का? नेहमी. हातोड्याला सभागृह हसलं. गार चहाला शिपाईबाई पदर तोंडाला लावून हसल्या. सातवीच्या वर्गाची गोष्ट आली तेव्हा मोठी झालेली मुलं मागं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मग ते मध्येच लक्ष जाण्याचं वाक्य आलं. पहिल्या रांगेत महानंदाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे कुठंही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर त्या रिक्षात बसून अक्काच्या गावाला जायला निघाल्या. शाल आणि नारळ खुर्चीवरच राहिले. सई ते घेऊन रस्त्यापर्यंत धावली आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत तिथंच उभी राहिली.

मी खुर्च्या मोजून ठेवत होते तेव्हा एक बाई दाराशी घुटमळताना दिसल्या. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी, फाटकाकडे तोंड करून उभी. “महानंदाबाई गेल्या का?” त्यांनी विचारलं. माझं तोंड पडलं. आज शेवटच्या दिवशीसुद्धा त्याच.

“गेल्या,” मी म्हणाले. “माझ्यापाशी बोललात तरी चालेल.”

त्या जरा अडखळल्या. “न्हाय, तसं काय न्हाय. घरी काहीच त्रास न्हाय हिचा. शाळेतनंच तक्रारी येत्यात.”

मी मुलीकडे बघितलं. तिच्या दप्तराची चेन उघडी होती. आत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली होती.

“दप्तर कोण भरतं तिचं?” मी विचारलं.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तीच भरती की,” त्या म्हणाल्या.

मी एक खुर्ची पुन्हा उघडून त्यांना बसायला दिली. पर्समध्ये डायरी होती. मी मुलीला तिचं नाव विचारलं आणि ते डाव्या तळहातावर लिहिलं.